कोल्हा डावीकडे गेला होता

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी बाबांना इंग्लंडला, लीड्समध्ये घेऊन आले. ते नागपूरच्या घरात रोज सकाळी दोन माणसांचा चहा टाकतात आणि उरलेला संध्याकाळी गरम करून पितात, असं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, त्याच दिवशी मी व्हिसाचे कागद भरायला घेतले. मी तेव्हा हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होते. सकाळी आठला बाहेर पडायचे ते संध्याकाळी सहाला घरी. एवढा वेळ बाबा करतील काय, ही मला काळजी होती.

बाबा पशुवैद्य. यवतमाळ, पुसद, आर्वी असं करत चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत त्यांनी गुरं तपासली. इंग्रजी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, पण बोलताना अडखळायचे आणि त्या यॉर्कशर भागातल्या माणसाने तोंड उघडलं की माझ्याकडे बघायचे. बसमध्ये, दुकानात, पोस्टात, सगळीकडे मी त्यांची दुभाषी होते.

आमच्या पलीकडच्या दारात एक आजोबा एकटेच राहायचे. पंचाहत्तरीच्या आसपासचे, खांदे अजून रुंद, पण दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जन्मभर त्यांनी घोड्यांना नाल ठोकले होते. बायको गेल्यावर मुलीजवळ राहायचं म्हणून गाव सोडून शहरात आले होते आणि शहर त्यांना मनापासून आवडत नव्हतं. त्यांच्याकडे एक म्हातारी टेरिअर कुत्री होती. बाबा आले त्या आठवड्यात ती कुत्री पुढचा एक पाय उचलून चालत होती. बाबांनी बुटक्या भिंतीवरून तिला दोन मिनिटं बघितलं, काही न विचारता फाटक उघडून आत गेले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि पाय हातात घेतला. आजोबा दारातून ओरडत आले, "चावेल! ती चावते!" ती चावली नाही. अंगठ्याचं नख वाढून, वळून मांसात शिरलं होतं. बाबांनी बोटांनी कात्रीची खूण केली. आजोबांनी घोड्याच्या खुराची केवढी तरी मोठी कात्री आणली, ती बघून बाबा हसले, मग नेलकटर आला.

संध्याकाळी मी घरी आले तर दोघं आजोबांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले. दोघांच्या मध्ये वीजबिलाचं पाकीट आणि त्यावर बाबांनी काढलेलं चित्र. आमच्याकडे बैलांनाही नाल मारतात हे बाबांना सांगायचं होतं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. आजोबा चित्राकडे बघून परत परत म्हणत होते, "एका पायाला दोन? म्हणजे आठ? एका जनावराला आठ?" मी दोन्हीकडचं भाषांतर करत तासभर तिथे बसले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी यायच्या आधी चार तास यांचं माझ्याशिवाय चाललंच होतं.

त्या दिवसापासून आजोबा बाबांना 'डॉक्टर' म्हणू लागले (मला 'लव्ह', यॉर्कशरमध्ये कुणालाही म्हणतात तसं) आणि बाबा त्यांना माझ्याजवळ 'नालवाले'. "आज नालवाले आले नाहीत, बरे आहेत ना, बघून ये." नाताळात त्यांच्या मुलीने आम्हालाही जेवायला बोलावलं. बाबांनी तिथल्या नाताळच्या रिवाजाप्रमाणे कागदाचा मुकुट डोक्यावर घालून बटाटे आणि वाटाणे खाल्ले. मला तो फोटो काढायचा होता, पण कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती.

जानेवारीत एका संध्याकाळी आजोबा आमच्याकडे आले. टोपी हातात घेऊन उभेच राहिले, बसेनात. म्हणाले, "शनिवारी माझ्या जुन्या गावी हंट आहे. डॉक्टरांना बघायला आवडेल का?"

हंट म्हणजे कोल्ह्याची शिकार. घोड्यांवरचे लोक, पुढे शिकारी कुत्र्यांचा कळप, त्यापुढे एक कोल्हा. बंदीचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, फेब्रुवारीच्या मध्यापासून लागू होणार होता. ऑफिसमध्ये जेवायच्या सुट्टीत त्यावर कडाक्याची भांडणं व्हायची. मी बंदीच्या बाजूची. टीव्हीवर ते लाल कोट दिसले तरी माझं डोकं फिरायचं. मी काहीतरी सबब सांगणार, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "मी तिथल्या घोड्यांना चाळीस वर्षं नाल ठोकले. आता हे संपणार. लोक याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे, लव्ह. पण एकट्याने जावंसं वाटत नाही."

मी बाबांना सांगितलं.

"जाऊ ना," बाबा म्हणाले. "घोडे बघायला मिळतील."

"बाबा, तिथे कोल्ह्याला कुत्री फाडतात."

"ते कळलं मला. पण तो माणूस सोबत मागतोय."

शनिवारी आजोबांच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. यॉर्कच्या उत्तरेला तासभर. कुत्री बाबांच्या मांडीवर. गावाच्या मधल्या हिरवळीवर तीस-चाळीस घोडे उभे होते आणि थंडीत त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. लाल कोट चार-पाचच, बाकीचे काळ्या कोटातले. शेतकऱ्यांच्या मुली, एक गावचा डॉक्टर, अगदी लहान तट्टावर एक सात-आठ वर्षांची गोबरी पोरगी. रस्त्याच्या एका बाजूला पोलिसांच्या पलीकडे बंदीवाले फलक घेऊन उभे, दुसऱ्या बाजूला बंदीविरुद्धचे फलक. दोन्ही बाजूंचे लोक पत्रकं वाटत होते. बाबांनी दोन्ही घेतली, चष्मा लावून तिथेच रस्त्यात दोन्ही पूर्ण वाचली आणि एकाच खिशात ठेवली. एका बाईने ट्रेमधून छोट्या ग्लासात पोर्ट, म्हणजे गोडसर वाइन, दिली. बाबांनी घोटभर चाखून ग्लास माझ्याकडे दिला. "खोकल्याचं औषध आहे."

पण घोड्यांमध्ये मात्र ते रमले. आजोबा एकेका घोड्याजवळ जायचे, मानेवर थाप मारायचे, पाय उचलून दाखवायचे. बाबा वाकून बघायचे आणि मान डोलवायचे. त्या गर्दीत प्रत्येक जण आजोबांना ओळखत होता. लीड्सच्या बसस्टॉपवर हाच माणूस कसा हरवल्यासारखा उभा असायचा ते मी रोज बघत होते. इथे घोड्यावर बसलेली माणसं खाली वाकून त्यांच्याशी हात मिळवत होती. एका उंच बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुढच्या वर्षी काय करायचं आपण?" ती म्हणाली. आजोबा म्हणाले, "घोड्यांना चालवावं तर लागेलच ना." मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याचा मला जरा राग आला.

मग शिकारी कुत्र्यांचा कळप आला. मी 'डॉग्ज' म्हटल्याबरोबर आजोबांनी दुरुस्त केलं, "हाउंड म्हणायचं. आणि मोजायचे जोडीने. सतरा जोड्या आहेत." सगळे पांढरे-तपकिरी, शेपट्या उभ्या. त्यांचा प्रमुख, हंट्समन, लाल कोटातला सडसडीत माणूस. त्याने वीतभर लांबीचं तांब्याचं शिंग फुंकलं आणि सगळा लवाजमा गल्लीतून निघाला.

आम्ही गाडीने मागे. आजोबांना त्या भागातली प्रत्येक राई, प्रत्येक ओढा पाठ. एका शेताच्या फाटकाशी त्यांनी आम्हाला उतरवलं. "इथे उभे राहा. समोरच्या झाडीतून कोल्हा निघाला तर इथूनच जाणार. मी गाडी खालच्या गल्लीत लावून येतो, इथे ट्रॅक्टरच्या वाटेत येते." आणि ते कुत्रीला घेऊन गेले.

बाबा आणि मी फाटकाला टेकून उभे राहिलो. जमिनीलगत धुकं होतं. डावीकडे काटेरी कुंपण आणि त्यामागे उतारावर ओढा. उजवीकडे दूर टेकाडावर झाडांचा एक लहान पुंजका. समोरच्या झाडीत हाउंडांचा आवाज चालला होता, कुठे जोरात, कुठे थांबून. शेतात दहा-बारा मेंढ्या चरत होत्या.

तो धावत वगैरे आला नाही. झाडीतून बाहेर आला, थांबला, मागे बघितलं. मग मेंढ्यांच्या मधून दुडक्या चालीने आमच्याकडे येऊ लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा कोल्हा इतक्या जवळून बघत होते. शेपूट भिजून बारीक झालेली, छाती पांढरी. पंधरा-वीस पावलांवर त्याने आम्हाला पाहिलं आणि एक पाय उचलून झटकला, मांजर ओल्या फरशीवर झटकतं तसा.

"नर आहे," बाबा पुटपुटले. "दोनेक वर्षांचा. मागचा डावा पाय जपून टाकतो आहे बघ."

मग तो डावीकडे वळला, कुंपणाच्या बुडाशी एक भोक होतं त्यातून सरपटत निघाला आणि ओढ्याकडे गेला.

दोन-तीन मिनिटांनी हाउंड शेतात आले आणि गोंधळले. मेंढ्यांच्या वासात कोल्ह्याचा वास हरवला होता. नाकं जमिनीला लावून ते गोल गोल फिरत होते. हंट्समन घोडा फेकत सरळ आमच्यापाशी आला, टोपीला हात लावला आणि काहीतरी विचारलं. बाबांनी सवयीप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

"कोल्हा बघितला का म्हणून विचारतोय," मी म्हणाले.

"हो. डावीकडे गेला. कुंपणातल्या भोकातून, नाल्याकडे. सांग त्याला."

बाबांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. त्यांनी हात बाहेर काढून दिशा दाखवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हंट्समन माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा घामाने चमकत होता, आणि चांगला होता चेहरा, एखाद्या शिक्षकाचा असावा तसा.

"उजवीकडे," मी म्हणाले. "त्या टेकाडावरच्या झाडांकडे."

"थँक यू, मॅम," तो म्हणाला आणि हाउंडांना हाका मारत उजवीकडे निघाला. मागोमाग सगळे घोडे.

बाबांनी चष्मा काढला, मफलरने पुसला, परत घातला.

आणि मग टेकाडावरच्या त्या पुंजक्यात हाउंड एकदम ओरडू लागले. मला वाटलं त्यांना चूक कळली. पण झाडांतून दुसरा कोल्हा निघाला. लहान, अंगाने बारीक. तो उतारावरून उघड्या शेतात आला आणि त्याला कुठेच आडोसा नव्हता. आम्ही दोन शेतांवरून सगळं बघितलं. फार वेळ लागला नाही. पांढरे-तपकिरी हाउंड एका जागी गोळा झाले आणि शिंग वाजलं, लांबलचक, थरथरतं.

बाबा फाटक उघडून चालायला लागले.

"बाबा, कुठे चाललात? नका जाऊ."

ते थांबले नाहीत. सत्तरीचा माणूस, आजोबांनी दिलेले मोठे बूट घालून, नांगरलेल्या चिखलातून चालत होता. मी मागे गेले. आम्ही पोचेपर्यंत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हंट्समन घोड्यावरून उतरला होता. बाबांनी त्याला इंग्रजीत विचारलं, स्वतः, माझ्याकडे न बघता. "डेड... क्विक?"

"इन्स्टंटली, सर," तो म्हणाला. पुढचा हाउंड मानेला धरतो, झटका देतो, संपलं. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. खाली गवतात लाल केसांचा एक पुंजका पडला होता. त्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले.

परतताना म्हणाले, "तो म्हणतो लगेच मेली. असेलही. मी बघितलं नाही, त्यामुळे मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"मेली? मादी होती?"

"हो. तो 'शी' म्हणाला."

मी शेताच्या मधोमध रडायला लागले. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तू उजवीकडे काहून सांगितलं?"

"तुमच्या लक्षात आलं?"

"अगं, लेफ्ट-राइट तर मला येतं."

"मला त्याला वाचवायचं होतं, बाबा. आणि मी ही दुसरी मारली."

बाबा थोडं चालले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी आधी कधी ऐकली नव्हती. पुसदकडे शंकरपटाच्या वेळी बैल तपासायला त्यांना बोलवत. बैलजोड्यांची शर्यत ती. तिकडे गावच्या गाव लोटतं. एका वर्षी एका बैलाच्या पुठ्ठ्यावर पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, खिळ्याने केलेल्या जखमा होत्या, पिकलेल्या. बाबांनी त्याला पळवू दिलं नाही. मालकाने पाया पडून विनवलं, पुढाऱ्याने दम दिला, बाबा हटले नाहीत. "मोठं शौर्य केल्यासारखं वाटलं मला. आठवड्याने गेलो तर बैल नव्हता. पळत नाही, तर खायला कोण घालणार? विकून टाकला होता. कुणाला विकला ते मी विचारलंही नाही."

"मग तुमचं चुकलं होतं?"

"नाही. जखमा होत्याच की. पुन्हा असता तरी थांबवलाच असता." चिखलात रुतलेला बूट त्यांनी हाताने ओढून काढला. "बैल गेला तो गेलाच. दोन्ही खरं आहे. तुझ्या आईला मी हे सांगितलं नव्हतं. रडली असती तुझ्यासारखी."

आजोबा फाटकाशी आमची वाट बघत होते. आमचे बूट बघून त्यांनी गाडीत जुनं पोतं अंथरलं. मी मागे बसले होते आणि ठरवत होते की यांना सांगून टाकायचं. त्यांनी आम्हाला आपल्या माणसांत नेलं, सगळ्यांशी ओळख करून दिली आणि मी त्यांच्या हंट्समनला खोटं सांगितलं.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे," मी म्हणाले.

"गरज नाही, लव्ह," ते आरशात न बघता म्हणाले. "मी खालच्या गल्लीत होतो. ओढ्यावरून आला तो कोल्हा आणि माझ्या बॉनेटपुढून रस्ता ओलांडून गेला. मागचा पाय दुखावलेला. मग शिंग ऐकलं ते टेकाडाकडून. तेव्हाच समजलो."

"मग तुम्ही ओरडला का नाही? त्यांना सांगितलं का नाही?"

"या गुडघ्यांनी गाडीतून उतरेपर्यंत तो समुद्रापर्यंत पोचला असता." मग म्हणाले, "आणि पाहुण्याला कोण खोटं पाडतं?"

मी बाबांना भाषांतर करून सांगितलं. बाबांनी हात पुढे करून आजोबांच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"माझी बायको पस्तीस वर्षं माझ्याबरोबर यायची," आजोबा पुढे म्हणाले. "तिला कुणी विचारलं, कोल्हा कुठे गेला, की ती टेकडी दाखवायची. दर वेळी टेकडी. मी म्हणायचो, हिचे डोळे अधू आहेत. चष्माही करून दिला. शेवटच्या आजारात एक दिवस हॉस्पिटलमध्ये हसत सुटली. म्हणाली, मला सगळं स्वच्छ दिसायचं. मला इतका राग आला की जेवण होईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही." त्यांनी गिअर बदलला. "आता वाटतं, ते एक जेवणही वाया घालवायला नको होतं."

हे मी बाबांना सांगायला पुढे वाकले. बाबा म्हणाले, "राहू दे. कळलं मला."

त्या रात्री बाबांनी वरणफळं केली, पहिल्यांदाच आईशिवाय. फळं जाड झाली होती आणि तिखट जास्त पडलं होतं. आजोबांनी दोनदा वाढून घेतलं, नाक पुसत पुसत. हंटबद्दल कुणी बोललं नाही. नुसतं एकदा आजोबांनी विचारलं, तो पाय कशाने दुखावला असेल? मग दोघं त्यावर बराच वेळ बोलत बसले. तार लागली असेल, की दुसऱ्या नराशी भांडला असेल, हे दिवस त्यांच्या भांडणाचेच. बाबांचं म्हणणं तार.

महिन्याभराने कायदा लागू झाला. आजोबा त्या दिवशी टीव्ही बंद करून बागेत खणत होते, जमीन गोठलेली असताना. मला बंदी हवी होती, अजूनही हवीच होती. पण त्यांच्याकडे जाऊन काय बोलावं ते सुचेना. बाबा फावडं मागून त्यांच्याशेजारी जाऊन खणायला लागले. काय लावणार आहोत, हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी तिथे कांदे लावले.

एप्रिलमध्ये बाबा परत गेले. दोघांची पत्रं चालू राहिली. आजोबांची पत्रं पोस्टात टाकण्याआधी मी फोनवर बाबांना वाचून दाखवायचे, कारण त्यांचं अक्षर बाबांना लागायचं नाही. एकात लिहिलं होतं की आता हाउंड दोरीने ओढत नेलेल्या, वास लावलेल्या चिंधीमागे धावतात, घोडे तेच, माणसंही बरीचशी तीच, आणि तट्टावरची ती पोरगी आता मोठ्या घोड्यावर बसते. बाबांनी विचारायला सांगितलं, नाल कोण ठोकतं?

मला मात्र बरेच दिवस ते टोचत होतं. एकदा मी फोनवर बाबांना विचारलंच, "बाबा, त्या दिवशी मी बरोबर केलं का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"मी खरं सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "आणि तू ते सांगितलं नाहीस, त्याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं. यापेक्षा जास्त मला काही सांगता येत नाही. जेवलीस का?"